मालडब्यांच्या अक्षरांचा अर्धा कागद

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो, आणि आता तर अर्धाच उरलो आहे. माझ्यावर पांढरी अक्षरे आणि आकडे छापले आहेत. मला पाण्यात भिजवले की ती पातळ पापुद्र्यासकट सुटतात आणि मालगाडीच्या छोट्या नमुन्याच्या डब्यावर सरकवून बसवता येतात. लोक मला डेकल म्हणतात.

माझा जन्म सोलापुरात, नवी पेठेतल्या रुक्सानाताईंच्या छपाईच्या दुकानात झाला. सोमशेखरकाकांनी मला छापून घेतले होते. काकांनी रेल्वेच्या यार्डात तीस वर्षे मालडब्यांवर हाताने नंबर रंगवले होते. निवृत्तीनंतर त्यांनी पत्र्याचे वीतभर लांब दोन मालडबे बनवले. त्यांवर अक्षरे हवीत ती आपल्याच वळणाची, असा त्यांचा हट्ट होता. नमुन्याला त्यांनी आपणच रंगवलेल्या डब्याचा एक जुना फोटो आणला होता.

पहिला कागद फिका छापला गेला. दुसरा काकांनी परत केला.

“चारचं टोक असं न्हाय. आत वळतंय ते.”

“काका, ज्वारीच्या दाण्याएवढं अक्षर. कुणाला दिसणार?” रुक्सानाताई म्हणाल्या.

“मला दिसतंय की.”

तिसरा कागद मी. काकांनी मला उजेडात धरले आणि “लई बेस” म्हणाले. एवढे कौतुक माझे पुन्हा झाले नाही.

घरी त्यांनी माझा एक तुकडा कापून वाटीतल्या पाण्यात सोडला. अक्षरे अलगद सुटली. पण काकांचा हात कापत होता. चिमट्यातला पापुद्रा थरथरला, दुमडला आणि त्याचा गोळा झाला. दुसऱ्या तुकड्याचे तेच झाले.

“काय झालं?” त्यांच्या पत्नीने, महेश्वरीकाकूंनी विचारले.

“कागद खराब हाय,” काका म्हणाले.

मी खराब नव्हतो, मित्रांनो! तोंड असते तर तिथेच सांगितले असते. पण मला खणात टाकले, संपलेल्या सेलांच्या आणि गंजक्या पक्कडीच्या सोबतीला. काका मधूनच खण उघडत, माझ्याकडे बघत आणि बंद करत. कोरे डबे कपाटावर धूळ खात राहिले. अशी दोन वर्षे गेली. मी पिवळा पडलो, कडक झालो. ज्या कामासाठी एवढ्या खटपटीने मला घडवले, तेच होत नव्हते, आणि दोष मात्र माझ्या माथी होता.

शेवटी काकूच मला घेऊन दुकानात गेल्या. “यांचं मन लागंना बघ. दुसरा चांगला छापून दे.”

रुक्सानाताईंनी माझे एक अक्षर भिजवले आणि नखावर सरकवले. ते नीट बसले. काकूंनी ते अक्षर बोटाने चाचपून पाहिले.

“हात कापतोय, म्हणून चहा अर्धाच कप मागतात व्हय,” त्या हळूच म्हणाल्या.

त्याच दुपारी रुक्सानाताई घरी आल्या आणि अक्षरे मी लावून देते म्हणाल्या. काका चिडले. “दुसऱ्यानं लावायचं म्हंजे माझं काय राहिलं त्यात?”

“ओळ कुटं धरायची ते मला काय ठाऊक? तुमी सांगा, मी सरकवते.”

काकांनी स्वतःच कपाटावरचा डबा काढून धूळ पुसली.

“जरा वर. न्हाय, लई झालं. आता उजवीकडं. थांब.”

एक डबा पुरा व्हायला संध्याकाळ झाली. त्यात माझे तीन आकडे पापडासारखे मोडले. दोन वर्षांपूर्वी त्यातला एकही मोडला नसता. काकांनी तो डबा डोळ्यांजवळ नेला आणि चारच्या टोकावरून हलकेच बोट फिरवले. दुसऱ्या डब्याला मी पुरेन की नाही, ते कुणीच सांगू शकत नाही. उद्या पुन्हा बसायचे ठरले आहे.

मित्रांनो, तुमचा हात कापत असेल तर वेळेवर सांगा, आमच्यावर ढकलू नका. आणि दुसऱ्या कुणाचा कापताना दिसला, तर पाण्याची वाटी घेऊन शेजारी बसा. आम्हा कागदांना फार वर्षे थांबता येत नाही.