पाठीवरच्या रेषा

"मॅडम, जरा मागे सरका. तुमच्या श्वासानंसुद्धा थेंब हलतोय," पापणीकाका म्हणाले आणि स्वतःचा श्वास रोखून भिंगावर वाकले.

नमुना घेऊन आलेल्या मॅडम भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काचेच्या वाटीतल्या थेंबात शेवटची कोळीकीड पडली होती. कोळ्याच्याच कुळातली, पण नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही एवढी, आणि अंगानं लोण्यासारखी मऊ. ती या वाटीतून शेजारच्या वाटीत न्यायची, एवढंच काम होतं.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पोटात हवा नसते. ओला जीव आत ठेवला की त्याचं चिपाड होतं. म्हणून आधी त्याच्या अंगातलं पाणी काढून तिथं अल्कोहोल भरायचं, तेही दमादमानं, सौम्य वाटीतून कडक वाटीत नेत. मग दाबाच्या यंत्रात वाळवायचं, बटणाएवढ्या चकतीवर चिकटवायचं आणि सोन्याचा मुलामा चढवायचा. हे सगळं करताना त्याला चिमटा लावायची सोय नाही, ब्रशही राठ पडतो. काडीच्या टोकाला चिकटवलेला माणसाच्या पापणीचा केस तेवढा चालतो. त्यावरूनच सगळी प्रयोगशाळा त्यांना पापणीकाका म्हणायची. केस मात्र काकूंचे असायचे.

"माझ्या अंगावर कधी गुंजभर सोनं घातलं नाहीत," काकू म्हणायच्या, "किड्यांना मात्र रोज मढवता. वर पापण्याही माझ्याच उपटता!"

पण आज सकाळी काकूंनी थट्टा केली नव्हती. चहाचा कप अर्धाच भरून पुढे ठेवला होता.

"अर्धाच का गं?"

"सांडतो म्हणून. मामंजींनाही शेवटी मी अर्धाच द्यायचे." काकू क्षणभर थांबल्या. "तुमच्या साहेबांना सांगून टाका ना आता. किती दिवस हात खिशात घालून फिरणार?"

काकांनी कप दोन्ही हातांनी उचलला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, हा हाताचा कंप वाढत जाणार, गोळ्यांनी फार तर थोडा लांबेल. पण हात गेला म्हणजे काय उरणार? शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. लोक लांबून नमुने घेऊन यायचे ते या हातासाठी. तो गेला, तर उरलेल्या माणसाला कोणी कशाला विचारील? म्हणून त्यांनी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यात आजचा नमुना असा. रस्त्याकडेच्या एका झाडाच्या पानांवर गाठी यायच्या, त्या गाठींत ही कीड राहायची. मॅडमनी रानोमाळ हिंडून पाहिलं, दुसऱ्या कुठल्याही झाडावर ती सापडली नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा झाड गेलं. मॅडमनी आधी तोडून ठेवलेली थोडी पानं तेवढी उरली. पाठीचं स्वच्छ चित्र मिळाल्याशिवाय नवी जात म्हणून कोणी मानणार नाही, तिला नाव मिळणार नाही, आणि मॅडमची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार. त्यांचीही निवृत्ती तोंडावर आली होती.

सकाळपासून काकांनी एकेक कीड हातची घालवली होती. एकीचे पाय तुटले, एक वाटीच्या कडेला चिरडली, एकीच्या अंगातून तर केस आरपार गेला.

"माल जुना आहे, मॅडम," ते म्हणाले होते. "अंग लिबलिबीत झालंय."

"असेल," मॅडम म्हणाल्या होत्या. "माझंच चुकलं. आधी आणायला हवी होती."

तो शब्द काकांना लागला होता. तरी त्यांनी पुढची कीड घेतली होती.

आता त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. केस पाठीला टेकला, सुटला, पुन्हा टेकला. कीड उचलली गेली आणि पुढच्या वाटीत अलगद उतरली. पाय शाबूत, अंगावरची लव शाबूत. काकांनी कपाळावरचा घाम पुसला.

दुपारी वाळवून, मुलामा चढवून कीड यंत्रात गेली. मॅडम पडद्याला नाक लावून बसल्या. पाय दिसले, तोंड दिसलं, मग पाठ सरकत समोर आली.

"काका! अहो, हे बघा!" मॅडम जवळजवळ ओरडल्याच. "रेषा बघा पाठीवर. ओळीनं, सारख्या अंतरावर. कुठल्याच जातीत मी अशा पाहिलेल्या नाहीत. यावरूनच नाव ठेवायचं हिचं!" त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

काकांनी पाहिलं. प्रत्येक रेघ पापणीच्या टोकाएवढी रुंद होती. एका बाजूला खोल, जिथं केस टेकला होता, आणि पुढे उथळ होत गेलेली.

गप्प बसले असते तरी कोणाला कधी कळलं नसतं. पडताळून पाहायला झाड नव्हतं, दुसरी कीड नव्हती. मॅडमच्या किडीला नाव मिळालं असतं, काकांची खुर्ची टिकली असती. पण पुस्तकात त्या बिचाऱ्या जिवाच्या नावावर आपलं दुखणं छापलं जाणार, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"मॅडम, त्या रेषा तिच्या नाहीत."

"म्हणजे?"

"माझ्या हाताच्या आहेत. सकाळी उचलताना केस लागत राहिला. मऊ अंग, वण तसेच वाळले."

"इतके सारखे?"

"कंप सारखाच येतो. वडिलांचाही असाच यायचा."

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि आधीच्या? माल जुना म्हणालात ना?"

"माल चांगला होता, मॅडम."

त्या रागावतील, निदान उठून जातील, असं काकांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि पडद्याच्या उजेडात टेबलावर ठेवला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यावर आपला तळवा ठेवला आणि दाबून धरला.

हात त्याखालीही थरथरत राहिला.