डबा वाजला की मासे वर येतात

मी एक जुना तेलाचा डबा आहे, आणि माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही याची मला अजूनही खात्री नाही. मित्रांनो, तेल संपलं की डब्याचं आयुष्य संपतं असं मी समजत होतो. तसं झालं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

शहरात गुलमंडीजवळच्या एका किराणा दुकानात मी रिकामा झालो. पत्र्याचं काम करणाऱ्या जहांगीरचाचांनी माझं झाकण कापलं, धारेनं कुणाचा हात चिरू नये म्हणून कडा आत वळवून ठोकल्या आणि वरून लाकडी दांडी बसवली. "अब देखो, राजा लगता है," असं म्हणून त्यांनी मला फुलंब्रीकडच्या रामकिसनच्या हाती दिलं. माझं इतकं कौतुक पुन्हा फार कमी वेळा झालं.

रामकिसनच्या घरी मी पाणी वाहिलं, बाजरी सांभाळली. मग त्यानं शेततळ्यात मासे सोडले आणि मी तळ्याच्या काठावर राहायला गेलो. रोहू होते, कटला होते, पण जास्त करून चिलापी होत्या. त्यांचं खाद्य माझ्यात कालवलं जाई. भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि थोडं पाणी. कालवायची ती रामकिसनची बायको, सरूबाई. उजव्या हाताची बाही वर सारून ती कोपरापर्यंत हात घाली. मग एक गोटा उचलून माझ्या पत्र्यावर ठोके देई. तो आवाज पाण्यात पोचला की तळ्याचं पाणी थरथरू लागे आणि शेकडो तोंडं वर येत.

"या गं बायांनो, या. भूक लागली व्हय?" ती म्हणायची.

रामकिसन हसायचा. "माझ्या हाकेला कधी ओ देत नाय, अन् ह्या मुक्या जीवांशी गप्पा."

"ते ऐकतेत तरी. तुमच्यावाणी नाय."

ते दिवस चांगले होते. पण एका उन्हाळ्यात पाणी आटलं, हिरवट झालं, आणि एके सकाळी सरूबाईनं मला वाजवलं तेव्हा कुणीच वर आलं नाही. ती पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. थोड्या वेळानं काही मासे कडेला आले. त्यांच्या अंगावर लाल चट्टे होते.

मासळीखात्यातले साहेब आले. त्यांनी मासा उलटासुलटा करून पाहिला, पाणी तपासलं आणि एक पिवळी भुकटी लिहून दिली. खाद्यात किती मिसळायची, कधी बंद करायची, सगळं सांगितलं. जाताना म्हणाले, "औषध थांबल्यावर मी सांगतो तितके दिवस एकही मासा विकायचा नाही. आणि पुन्हा रोग आला तर मला बोलवा. मनानं देऊ नका."

सगळं तसंच केलं गेलं. मासे वाचले. माझा आवाज पुन्हा पाण्यात पोचू लागला. मला वाटतं, खरी चूक त्या आनंदात झाली. रामकिसन तालुक्याला गेला आणि दुकानातून तीच भुकटी घेऊन आला. कुणाला विचारलं नाही, मासा कुणाला दाखवला नाही. दर बाजाराच्या दिवशी तो ती गुळाच्या पाण्यात विरघळवून माझ्यात ओतू लागला.

सरूबाईनं विचारलं, "आता कशाला? चांगले खेळतेत की."

"रोग यायच्या आधीच दिलेलं बरं. बैलाला नाय का आपण पेंड जास्त घालत?"

"ती पेंड असती. हे औषध हाय."

"लई शिकलीस," तो म्हणाला, आणि ती हसून कालवू लागली.

मित्रांनो, ज्यांना मारायला औषध येतं त्या जंतूंपैकी काही त्यातूनही वाचतात आणि मग त्यांचीच पैदास वाढते. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझ्या बुडाशी एक पिवळा थर बसतोय आणि तो घासूनही जात नाही. उरलेलं खाद्य तळाच्या चिखलात जाऊन बसत होतं. वर मासे चकाकत होते. खाली काय वाढत होतं, ते कुणाला दिसत नव्हतं.

मग मृग आला. आमच्याकडे त्या दिवशी मासळी खातात. पावसाळाभर दमा-खोकला जवळ येत नाही, असं म्हणतात. शहरात मासे विकणारा शौकत टेम्पो घेऊन सकाळीच आला.

"भाऊ, आज जेवढे देशील तेवढे कमी. आमची बिल्किस बी हट्ट धरून बसलीय, अब्बा, फुलंब्रीचीच चिलापी पाहिजे."

सरूबाई नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अवो, औषध कालच घातलंय. साहेब काय म्हणले होते?"

"ते रोगाच्या वेळचं. आता कुठं रोग हाय? अन् मृग काय थांबतोय का आपल्यासाठी?"

शौकतनं ते ऐकलं नाही. तो आपल्याच नादात होता. "भाभी, माशांना मेकअप करता का तुम्ही? काय चमकतात!"

सरूबाईनं मला वाजवलं. नेहमीसारखे सगळे वर आले, आणि जाळं पडलं.

मासे निवडताना एका चिलापीच्या पाठीचा काटा सरूबाईच्या तर्जनीत रुतला. तिनं बोट चोखलं, पदरानं पुसलं आणि काम चालू ठेवलं. असे काटे तिला नेहमीच लागत.

या वेळी बोट सुजलं. मग पंजा सुजला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण सूज मनगटाकडे चढली. भाकरी थापायला बसलेली सरूबाई पीठ तसंच टाकून उठली, हे मी रामकिसनच्या तोंडून ऐकलं. तिला शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. त्या दिवसांत रामकिसन एकटाच तळ्यावर यायचा. तो मला वाजवायचा, पण त्याच्या हाताला तो ठोका जमत नव्हता. मासे अर्धेच वर यायचे.

एकदा शौकत विचारपूस करायला आला. दोघं माझ्याजवळ बसले.

"पू तपासला," रामकिसन म्हणाला. "डॉक्टर म्हणले, ह्या जंतूंना नेहमीची औषधं लागूच होत नायत. मला विचारलं, बाईंनी आधी फार गोळ्या खाल्ल्या का? म्हणलं, नाय साहेब, तिनं तर डोकं दुखलं तरी गोळी घेतली नाय कधी. मग विचारलं, काम काय करता?" त्यानं माझ्याकडे बोट केलं. "तळ्यातलेच जंतू हायत म्हणले. आपणच औषध चारून चारून त्यांना निबर केलं."

"हात राहील ना, भाऊ?"

"बोट जाईल. हाताचं अजून सांगत नायत."

शौकतनं पाण्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मृगाच्या आदल्या दिवशी घातलं होतंस का ते?"

रामकिसननं मान खाली घातली.

"अरे, माझ्या बिल्किसनं खाल्लेत ते मासे. अख्ख्या मोहल्ल्यानं खाल्लेत."

ते मृगाचे मासे खाऊन शहरात कुणी आजारी पडल्याचं कानावर आलं नाही. मला त्याचीच भीती जास्त वाटते. कुणी पडलं असतं तर सगळ्यांना कळलं तरी असतं.

सरूबाई परत आली. हात राहिला, तर्जनी गेली. रामकिसननं उरलेल्या पुड्या साहेबांच्या हवाली केल्या आणि विक्री बंद ठेवून त्यांनाच पाणी दाखवलं. मला राखेनं घासघास घासलं. पिवळा थर गेला. चिखलातलं कधी जाईल, हे साहेबांनाही सांगता आलं नाही.

परवा शेजारच्या तळ्याचा कारभारी आला. "वहिनी, ती पिवळी पुडी कुठल्या दुकानात मिळती? माझे बी मासे चमकू द्या की जरा."

सरूबाईनं उजवा पंजा त्याच्यासमोर उघडून धरला. तो "येतो" म्हणून निघाला. पण गाडी त्यानं तालुक्याच्या रस्त्याला वळवली. तालुक्याला साहेबांची कचेरीही आहे; तो तिकडे गेला की दुकानाकडे, मला दिसलं नाही.

आता ती डाव्या हातानं मला वाजवते. ठोका पूर्वीसारखा पडत नाही, तरी मासे ओळखतात. मित्रांनो, मी उपदेश करावा एवढा मोठा नाही. मी फक्त काठावरून जे दिसतं ते सांगतो. डबा वाजला की ते सगळे विश्वासानं वर येतात आणि पडेल ते गिळतात. माझ्यात काय कालवलंय, हे त्यांना विचारता येत नाही.

तुम्हाला येतं. विचारत जा.