बिननावाची गिरी

ऐन ओहोटीची वेळ. मादेलू बेटाचा नाखवा इद्रीस गुडघाभर पाण्यात गिरीवर उभा होता. पोवळ्याचा हा खडक कुठवर पसरलाय ते तो मणिकूंना काठीनं दाखवत होता. मणिकू म्हणजे माले दरबारानं सगळ्या अतोलचा, म्हणजे बेटांच्या या कड्याचा, नकाशा काढायला धाडलेले गृहस्थ. ते होडीत बसून खोली मोजायला दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडत होते. तेवढ्यात एक धोंडा आला आणि इद्रीसच्या कानशिलावर बसला.

धोंडा मारणारा शेजारच्या कंदुफुशी बेटाचा झकरिया. दुसरं कोण मारणार? त्याची धोणी, म्हणजे मासेमारीची होडी, खडकाला घासत येऊन थांबली आणि तो काठी घेऊन पाण्यात उतरला.

"काय रे चोरा, आमची गिरी दरबाराच्या माणसाला विकतोस?"

"तुमची?" इद्रीसनं कानावरचं रक्त पुसलं. "तुझ्या बापानं पेरली होती का इथं?"

आता भांडण कशाचं, तर आमिषाचं. भल्या पहाटे गिरीवर जाळं टाकून बारीक मासळी जिवंत धरायची, तेव्हा कुठे भर समुद्रात कुपा मासा गळाला लागतो. आमिष नाही तर कुपा नाही, आणि कुपा नाही तर घरात चूल नाही. मादेलूच्या बाकीच्या गिऱ्या दोन वादळांत वाळूखाली गेल्या होत्या. ही एकच उरली होती, आणि नेमकी हिला नाव नव्हतं.

आमच्याकडे गिरीला नाव माणूस देत नाही. तिच्यावर ज्याचा जीव जातो, त्याचं नाव तिला लागतं, आणि ज्या बेटाचा तो माणूस, त्या बेटाचं जाळं तिथं पडतं. हिच्यावर आजवर कुणी मेलंच नव्हतं, म्हणून दोन्ही बेटं वर्षानुवर्षं एकमेकांची डोकी फोडत आली होती. गेल्या हंगामात झकरियाच्या माणसांनी इद्रीसच्या धाकट्या भावाची बोटं वल्ह्यानं ठेचली होती. पोराला अजून घास धरता येत नाही. नकाशा निघतोय म्हटल्यावर इद्रीसनं ठरवलं, कुणी मरायची वाट कशाला बघायची? मणिकूंकडून 'मादेलू गिरी' लिहून घ्यायचं आणि विषय संपवायचा.

"नाव सांगा आणि मग काय ते भांडा," मणिकू होडीतून म्हणाले. "ऊन चढतंय."

दोघांनीही तोंड उघडलं, पण झकरियाची काठी आधी चालली. ती इद्रीसच्या खांद्यावर मोडली. इद्रीसनं त्याला कमरेत धरून आडवा पाडला आणि त्याचं तोंड पोवळ्यावर घासलं. झकरियाच्या गालाची सालटी निघाली. त्यानं इद्रीसच्या मनगटाचा असा कडाडून चावा घेतला, की दात हाडाला लागले. तिकडे दोन्ही धोण्यांतली माणसं वल्ह्यांनी एकमेकांना झोडपत होती. मणिकूंचं शिसं आणि दोरी कधीच हातातून सुटून तळाला गेली होती.

"भावाची बोटं कशी आहेत रे?" झकरिया रक्त थुंकत म्हणाला. "भात कोण भरवतं? बायको?"

इद्रीसचं टाळकं सटकलं. कमरेची मासे कापायची सुरी हातात कधी आली ते त्याला कळलंच नाही. बरगडीखाली एकदा खुपसली, आणि मग आणखी एकदा.

बरं वाटलं त्याला. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

"इद्रीस," त्याचा म्हातारा खलाशी हम्मादीबे धोणीतून ओरडला, "अरे गाढवा, तो इथं मरतोय."

तेव्हा कुठे इद्रीसच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं सुरी फेकली, डोक्याचं फडकं सोडून जखमेत कोंबलं आणि झकरियाला काखेत धरून धोणीकडे ओढायला लागला.

"ऊठ. चल, वैद्याकडे नेतो तुला. झकरिया, तुझ्या पाया पडतो, होडीत चल."

झकरिया त्याच्याकडे बघत राहिला. त्यालाही कळलं होतं. तो हसला तसं तोंडातून रक्त आलं.

"आत्ता तर मारत होतास, आणि आता पायाशी आलास होय?" त्यानं दोन्ही हातांनी पोवळ्याच्या एका गड्ड्याला मिठी मारली. "इलियास, मला इथून हलवू देऊ नको."

इलियास त्याचा सख्खा भाऊ. तो ढसाढसा रडत आला आणि भावाला उचलायच्या ऐवजी त्यानं इद्रीसच्या पाठीत वल्हं घातलं. इद्रीस पडला, उठला, पुन्हा झकरियाच्या हाताला झोंबला. एकेक बोट सोडवत होता, बोट सुटलं की झकरिया पुन्हा पकडत होता. इलियास मारत होता. इद्रीसच्या दोन बरगड्या मोडल्या, तरी तो ओढतच होता.

"अरे, जगेल तो," तो इलियासला म्हणाला. "तुझा भाऊ आहे ना? जगेल, ने त्याला."

"मला ठाऊक आहे," इलियास म्हणाला आणि त्यानं पुन्हा मारलं.

झकरियाची बोटं मग आपोआप सैल झाली. आता त्याला ओढून काही उपयोग नव्हता.

मारामारी थांबली. मणिकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. इद्रीसला बांधून मालेला न्यावं लागणार होतं, पण आधी हातातलं काम पुरं करावं तसं त्यांनी विचारलं, "हिचं नाव?"

इलियासनं फक्त इद्रीसकडे बोट केलं.

'मादेलू गिरी', एवढं म्हटलं असतं तरी मणिकूंनी ते लिहिलं असतं. या अतोलमधले कायदे त्यांना काय माहीत? इद्रीसच्या डोळ्यांपुढे घरची चूल आली, भावाचा वाकडा हात आला. त्यानं आपल्या माणसांकडे पाहिलं. एकानंही मान हलवली नाही. हम्मादीबेनं तर पाठच फिरवली होती. मेलेल्याची गिरी लुबाडणाऱ्याच्या धोणीत यांच्यातला एकही पुन्हा पाय ठेवणार नव्हता, आणि खरं म्हणजे त्याची स्वतःची जीभही रेटत नव्हती.

"झकरिया गिरी," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं," मणिकू म्हणाले. "मोठ्यानं सांगा."

इद्रीसनं मोडक्या बरगड्यांवर हात दाबला आणि दोन्ही धोण्यांतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुन्हा सांगितलं.