उन्हातली वायर

मुखेडजवळच्या शेतात सौरपंपाची वायर उंदरांनी कुरतडली होती. नरसिंगनं बटन बंद केलं आणि वायर दातांनी सोलायला उचलली. लाईटच्या मोटारीला त्यानं जन्मभर असंच केलं होतं.

"अवो, थांबा! ऊन हाय तोवर पॅनलमधून करंट येतच राहतो, बसवणारे सांगून गेलेत," त्याची बायको भामाबाई ओरडली.

"बटन बंद हाय की. तू कवा वायरमन झालीस?" नरसिंग हसला.

भामाबाई ताडपत्री घेऊन पॅनलकडं पळाली. पहिली रांग झाकली, तोच वाऱ्यानं टोक उचललं. बाकीच्या काचांवर दुपारचं ऊन लखलखत होतं. तिनं ताडपत्रीवर अंग टाकलं आणि जिवाच्या आकांतानं त्याला हाक मारली.

नरसिंग पंपाजवळ निपचित पडला होता. वायर अजून त्याच्या दातांत होती.