कुमुदिनीबाईंचा कर्तरी प्रयोग

घरात शहाळी येऊ लागली, तेव्हाच कुमुदिनीबाईंना संशय आला.

अंबरनाथ पूर्वेला राहणाऱ्या या बाई उभा जन्म शाळेत मराठी व्याकरण शिकवून रिटायर झालेल्या. लघवीतून रक्त जायला लागलं, दुर्बिणीची तपासणी झाली, आणि मुलगा चिंतामणी म्हणाला, "काही नाही गं आई, साधं इन्फेक्शन आहे." साध्या इन्फेक्शनला शहाळी कोण आणतं हो? धाकटे दीर विष्णुपंत शहाळं घेऊन आले ते वहिनींशी चकार शब्द न बोलता चिंतामणीला गॅलरीत घेऊन गेले. शेजारच्या मोतीबाई चिंतामणीच्या बायकोच्या, वृंदाच्या कानाशी लागल्या. आजार बाईंना, आणि बाई सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक! खरं सांगा, तुमच्या-आमच्या घरांत याहून वेगळं काय चालतं?

साल १९८८. एका संध्याकाळी चिंतामणी एमआयडीसीतल्या कंपनीतून परस्पर मुंबईच्या इस्पितळात जाऊन आला होता. बाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. बाहेर तो वृंदाशी दबक्या आवाजात बोलत होता, पण चिडलेल्या माणसाचा दबका आवाज भिंतीपलीकडे जातोच.

"मूत्राशयाचा कॅन्सर पार पोटातल्या गाठींपर्यंत पोचलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणे. तिथली डॉक्टरीण म्हणते, औषधांच्या चाचणीत घेऊ. काही पेशंटना एकच औषध, काहींना चार औषधं एकत्र. आणि कोणाला काय, ते चिठ्ठी टाकून! माझी आई काय उंदीर आहे? म्हणे आईवर प्रयोग! जमणार नाही, असं तोंडावर सांगून आलो."

"अहो, पण आईंना एकदा विचारायचं तरी."

"विचारायचं? कॅन्सर हा शब्द ऐकूनच ती हाय खाईल!"

मेथीची जुडी हातात तशीच धरून बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज थेट वर्गातला.

"चिंतामणी, उभा राहा."

आणि तो खरंच उभा राहिला!

"'चिंतामणीने आईला फसवले.' प्रयोग ओळख."

"आई, अगं, ऐक ना..."

"ओळख!"

"भावे," तो पुटपुटला.

"का?"

"क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. कर्माप्रमाणेही नाही."

"शाबास! म्हणजे वाक्यात आई आहे, पण तिला कोणी विचारत नाही. मेल्या, मरण माझं आणि गुपित तुझं होय? मला भीती वाटली असती, रडू आलं असतं, ते माझं होतं. तेही तुम्ही परस्पर आपसांत वाटून घेतलंत!"

एवढं बोलून बाई रडल्या. भिंतीला टेकून, हमसून रडल्या. वृंदा जवळ आली तशी त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"उद्या मला त्या डॉक्टरणीकडे ने. नाही नेलंस तर एकटी जाईन."

"आई, तुझ्या भल्यासाठीच गं..."

"भलं करायचं तर आधी माणसाला विचारावं. तुझ्या लग्नात मी विचारलं होतं की नाही, मुलगी पसंत आहे का म्हणून?"

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टर उमा सवयीने चिंतामणीकडे बघून इंग्रजीत सुरू झाल्या. बाईंनी टेबलावर टकटक केलं.

"डॉक्टर, आजार या खुर्चीत बसलाय. इकडे बोला, आणि मराठीत बोला."

डॉक्टर ओशाळल्या. त्यांनी खुर्ची वळवली.

"मी बरी होईन?" बाईंनी विचारलं.

"तसं वचन देत नाही. आजार पुढे गेलाय. थोपवता येतो का, ते बघायचं."

"एकापेक्षा चार औषधं बरी?"

"माहीत नाही. बरी असावीत असं वाटतं, पण त्रासही जास्त. उलट्या, केस गळणं, तोंड येणं, ताप. एवढा त्रास देण्यासारखा फायदा होतो का, तेच तर तपासायचंय."

"माझ्या चिठ्ठीत एकच निघालं तर?"

"तेही खरंच औषध आहे. आज बऱ्याच ठिकाणी तेच देतात."

"आणि मधेच मी नको म्हटलं तर?"

"त्या क्षणी तुमच्यापुरती चाचणी थांबवू. तुमचे बाकीचे उपचार चालूच राहतील."

"इतक्या दिवसांत 'माहीत नाही' म्हणणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. बाकी सगळ्यांना सगळं माहीत होतं! चिंतामणी, उंदराला कोणी विचारत नाही रे. मला विचारलं, मी हो म्हणतेय. 'कुमुदिनी औषध घेते.' आता ओळख!"

"कर्तरी," चिंतामणी म्हणाला. "क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं."

चिठ्ठीत एकच औषध निघालं. चिंतामणीने कपाळावर हात मारला. बाई म्हणाल्या, "अरे वेड्या, एकाशी ताडून बघितल्याशिवाय चारांची किंमत कळणार कशी? एकाच्या बाजूने उभं राहायला कोणीतरी नको? मी राहते!"

औषधाने बाई पार गळून गेल्या. उशाशी बादली आली. अशात विष्णुपंत पुन्हा शहाळं घेऊन हजर. नेहमीसारखा त्यांनी चिंतामणीचा दंड धरला आणि गॅलरीकडे ओढला. "काय रे, काय म्हणतंय... ते त्यांचं?"

चिंतामणी जागचा हलला नाही. सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "काका, मला काय विचारता? ती समोर बसलीये. तिला विचारा!"

विष्णुपंत गोरेमोरे झाले. मग येऊन वहिनींसमोर बसले. "वहिनी, कसं वाटतंय?"

"वाईट वाटतंय, भावजी. मूत्राशयाचा कॅन्सर आहे, औषध चालू आहे, उलट्यांनी जीव नकोसा केलाय. बरं झालं विचारलंत. आता ते शहाळं फोडा आणि तुम्हीच प्या, माझ्यापेक्षा तुमचा घसा जास्त कोरडा पडलाय!"

पुढच्या वर्षीची दिवाळी बाईंनी पाहिली. त्यापुढची नाही. पण तोवर त्या घरात कोणी कुजबुजलं नाही.

मंडळी, औषध एक घ्यायचं की चार, की एकही नाही, हे ज्याच्या अंगात आजार आहे त्याने ठरवायचं. आपण त्याला खरं सांगायचं आणि त्याच्याजवळ बसायचं. माया म्हणून खोटं बोलणं आता पुरे झालं! चिंतामणीच्या कंपनीत कोणाच्या घरी असं दुखणं निघालं, की लोक धीर द्यायला जमतात. चिंतामणी मात्र आधी एकच गोष्ट विचारतो, "पेशंटला सांगितलंत का?"