डाव्या पायाची करंगळी

बाबांच्या पायांना काही कळतच नाही. मधुमेहाने तळव्यांची जाणीवच नेली, म्हणून रोज सकाळी त्यांचे पाय बघायचं काम माझं. टाचा, बोटांच्या बेचक्या, सगळं. "साहेब, तपासणी करा," म्हणत ते पाय माझ्या मांडीवर ठेवायचे.

बाबा न्हावी, दिवसभर उभे. दोनदा गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना त्यांची साखर एकदम उतरली आणि वस्तऱ्यासकट बाबा जमिनीवर! म्हणून तर स्वादुपिंड बदलायचं ठरलं. गेलेल्या कुणाचं तरी मिळायची वाट बघत यादीत चौदा महिने झाले होते.

आणि मी वक्तृत्व स्पर्धेत उतरले. मी! 'हजर' म्हणतानाही जिचा घसा बसायचा ती! आठवडाभर रोज सकाळी आरशासमोर भाषण. पाय बघायला वेळ कुठला?

"राहू दे गं," बाबा म्हणाले, "पाय काय पळून जाताहेत?"

पहिलं बक्षीस आलं. नवे बूट घालून पहिल्या रांगेत बसलेले बाबा शेजारच्यांना सांगत होते, "कात्री माझी, जीभ हिची. धार एकच!"

बक्षिसाच्या कौतुकात पाय बघायचं राहूनच गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. स्वादुपिंड मिळालंय, लगेच निघा. आईला स्वतःची चप्पल सापडेना. गाडीत आम्ही तिघंही उगाचच हसत होतो.

दवाखान्यात नर्सने मोजे काढले. डाव्या करंगळीला नवा बूट घासला होता. काळपट जखम, आत पू.

डॉक्टरबाई बराच वेळ पाय धरून बसल्या. "नवा अवयव टिकावा म्हणून आम्ही प्रतिकारशक्ती दाबून टाकतो. ही जखम असताना तसं केलं, तर तुमच्या जिवावर बेतेल." मग हळूच म्हणाल्या, "यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावतोय. कधीपासून आहे हे?"

अख्खं भाषण तोंडपाठ असलेली मी. बोटांवर दिवस मोजत बसले.

"मीच लपवलं," बाबा पटकन म्हणाले. त्यांना तर ते माहीतही नव्हतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग काढलेले मोजे घडी घालून पिशवीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या पायाला पट्टी होती. बाबांनी उजवा पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"साहेब..."

मी एकेक बोट उघडून बघत राहिले.

"अगं, शाळेला उशीर होईल. झालं ना?"

"थांबा, बाबा."

मी करंगळी पुन्हा उजेडाकडे वळवली.