कानसेन आणि मुकी साखळी

आमच्या साडूंना सगळे कानसेन म्हणतात. रस्त्यापलीकडून गेलेल्या गाडीचा आवाज ऐकून, हातातला कप खाली न ठेवता ते सांगत, "हिचा पाण्याचा पंप पंधरा दिवसांत जाणार." सोळाव्या दिवशी ती गाडी दोरीने ओढत त्यांच्याच दारात येई. एक दिवस चुकला म्हणून त्यांना रुखरुख लागे.

निवृत्त झाल्यापासून माझी दुपार त्यांच्या गॅरेजात जाते. कुठल्याशा मोटारीतून काढलेलं एक सीट तिथे आहे, त्यावर मी बसतो. काम काही करत नाही, त्यामुळे माझ्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही. पत्र्याच्या भोकांतून कवडसे पडतात आणि स्टँडवर टांगलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनावरून सावकाश सरकत राहतात. झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून कुणी हात फिरवावा तसे. तेलाचा वास असतो. डोळे कधी मिटले ते कळत नाही.

इंजिन कानसेनांच्या लेकीसाठी होतं. ती डोंगर चढायच्या शर्यतीत गाडी चालवते आणि उरलेल्या वेळात बापाशी भांडते. दोन वर्षं दोघं मिळून ते बांधत होते. हे शेवटचं, यानंतर पाना हातात धरणार नाही, असं कानसेनांनी जाहीर केलं होतं. सगळं जमलं होतं. घोडं अडलं होतं ते टायमिंगपाशी.

इंजिनात खाली क्रँक फिरतो, वर कॅम. क्रँक पिस्टन हलवतो, कॅम व्हॉल्व्ह उघडतो. दोघांना एक साखळी बांधून ठेवते. खालच्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा बरोबर एक. साखळीने दगा दिला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन समोरासमोर येतात आणि दोन वर्षांची मेहनत चहा निवायच्या आत भंगारात जाते. याचं संसाराशी असलेलं साम्य मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. बायको सोबत नव्हती, म्हणून बोललोही.

टेबलावर तीन खोकी होती. पहिल्यात साधी एकेरी साखळी. ते कुणी उघडलंच नाही. दुसऱ्यात दुहेरी रोलरची साखळी आणि तिची दातेरी चाकं. तिसऱ्यात साखळीच नव्हती. दाताला दात लावून फिरणारे नुसते गिअर.

"गिअर," कानसेन म्हणाले.

"दुहेरी साखळी," लेक म्हणाली. हल्ली ती त्यांच्याशी मोठ्याने बोले. मला वाटे, भांडणामुळे.

"साखळी ताणते."

"पाच शर्यतींनी बदलू. बाबा, गिअरमधून क्रँकचा सगळा थरकाप थेट कॅमला जातो. साखळी तो मधल्या मध्ये गिळते. हे मला कुणी शिकवलं?"

"कुणीतरी शहाण्याने."

"आणि गिअरवाल्या इंजिनाचा आवाज ऐकलाय ना? विमान उतरल्यासारखं किंचाळतं."

"तेच तर!" कानसेन म्हणाले आणि पाठ फिरवून गिअर पुसायला लागले.

लेक त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर फुसफुसत होता. त्याचा पाइप तीन दिवसांपासून गळत होता. एरवी असला आवाज कानसेनांना घरी जेवताना ऐकू आला असता.

मग ती हळूच, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, कॅममध्ये थोडी साखर घालू का?"

"घाल," कानसेन पाठमोरेच म्हणाले. "पण बेताने."

ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. "काका, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"काका..."

"थंडीपासून," मी कबुली दिली. "फोन आला की मी पलीकडचं ऐकून मान डोलावतो. मग ते हो म्हणतात. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती."

"म्हणून गिअर हवेत. तेवढंच ऐकू येईल त्यांना." ती इंजिनाकडे बघत म्हणाली. "शेवटचं इंजिन आहे, काका."

"मग बसव की."

"बसवेन. पण तो थरकाप व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा खातो. वरच्या वळणावर, पूर्ण वेगात एखादी तुटली तर..." पुढचं तिने कवडशांवर सोडून दिलं. मग उठली, गिअरचं खोकं बापासमोर ठेवलं आणि ओरडून म्हणाली, "तुमचंच खरं! बसवा हे!"

जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. कानसेन गिअरांकडे बघत बसले. मग त्यांनी दुहेरी साखळी उचलून मांडीवर घेतली, नुसतीच, आणि त्यांचा डोळा लागला. पाठोपाठ माझाही. लेक बाहेर पायरीवर बसून होती.

त्या झोपेतलं त्यांनी मला नंतर सांगितलं. मांडीवरची साखळी लांबत लांबत दाराबाहेर गेली. रस्त्याला वळसा घालून, दिव्याच्या खांबांमधून, पार डोंगरापर्यंत. कडीकडीवर तेलाचा थेंब, आणि आवाज म्हणून नाही. ती सरकेल तशा घरोघरच्या खिडक्या उघडत होत्या, मिटत होत्या, एकाही खिडकीची चूक नाही. कानसेन तिच्यामागून तरंगत निघाले. डोंगरावर मात्र गिअर किंचाळत होते. सगळं आभाळ त्या आवाजाने भरलेलं. गाडीच्या खिडकीतून लेक त्यांना काहीतरी सांगत होती. ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता.

"आणि स्वप्नात माझे कान ठणठणीत होते, साडूबुवा," ते म्हणाले.

जागे झाल्यावर त्यांनी साखळी आडवी धरली, एका टोकाने, हवेत. झिजलेली साखळी अशी धरली की मिशीसारखी खाली वाकते. ही काठीसारखी राहिली. त्यांनी ती तेलाच्या ट्रेमध्ये बुडवली.

"ए पोरी! गिअर परत देऊन ये."

"पण बाबा, तुम्हाला..."

"एवढं ओरडणाऱ्या इंजिनाला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही," कानसेन ओरडले. आपण ओरडतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी साखळी बसली. चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणून लेकीने तीनदा बघितल्या, कानसेनांनी चौथ्यांदा. मग तिने इंजिन सुरू केलं. पत्रे थरथरले, कवडसे नाचले. कानसेन हात मागे बांधून उभे होते, दुसऱ्याच्या लग्नातल्या पाहुण्यासारखे हसत.

लेकीने ते हसू पाहिलं. फळीवरचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक साखळीच्या झाकणावर टेकवलं आणि लाकडी मूठ बापाच्या तोंडापाशी नेली. स्वतःचे दात आपटून तिने खूण केली: धरा.

कानसेनांनी मूठ दातांत धरली. डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या. आवाज कानांना वळसा घालून, दातांतून, हाडांतून थेट आत पोचत होता. मग ते टोक उचलून त्यांनी सिलिंडरांवरून फिरवलं, एका जागी थांबले आणि मूठ बाहेर काढली.

"तिसऱ्याचा टॅपेट सैल आहे. व्हॉल्व्हवर खडखडतोय."

"शक्य नाही," लेक म्हणाली. तिने इंजिन बंद करून बघितलं. सैल होता.

तोवर कानसेन दातांत मूठ धरून गॅरेजभर हिंडायला लागले होते. टेबलाला टोक लावलं. नळाला लावलं. माझ्या सीटच्या दांडीला लावून नापसंतीने मान हलवली. शेवटी कॉम्प्रेसरच्या पाइपाला लावलं आणि गर्रकन वळले.

"अगं, हा गळतोय! इतक्या दिवसांत तुमच्यापैकी एकालाही ऐकू आलं नाही?"